पोर्ट्रेटसाठी परवडणारे लाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा स्टुडिओ म्हणजे कराडच्या आमच्या घरातली दहा बाय बाराची खोली. लग्नाच्या ऑर्डरी मी घेत नाही, फक्त पोर्ट्रेट करते, आणि त्यातही घरातल्या वडीलधाऱ्या माणसांची जास्त. आपल्याकडे आजोबा गेल्यावर फ्रेमसाठी फोटोची शोधाशोध सुरू होते. हाती लागतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण चांगला फोटो काढायला लाखाचं सामान लागत नाही. पंधरा हजारांच्या आत काम होतं. नव्यानं सुरुवात करणारी मुलंमुली मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. किमती मोघम आहेत, घेताना दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

पहिल्यांदा नेमकं काय घ्यायचं?

एक मॅन्युअल स्पीडलाइट (सेलवर चालणारा छोटा फ्लॅश, ताकद हातानं ठरवायची), त्याचा ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणारा), एक स्टँड, फ्लॅश आणि छत्री धरणारा ब्रॅकेट, ४३ इंचांची पांढरी छत्री आणि चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलचे दोन संच. एवढंच. गोडॉक्स कंपनीचा टीटी६०० हा फ्लॅश या कामासाठी मी डोळे झाकून सुचवते. साधारण सहा-सात हजारांत मिळतो आणि त्यात रेडिओ रिसीव्हर आतच असतो, म्हणजे कॅमेऱ्यावर फक्त ट्रिगर लावायचा. सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी टीटी६००एस हा वेगळा प्रकार आहे, मागवताना नाव नीट बघा. ट्रिगर तीन ते पाच हजार, स्टँड हजाराच्या आसपास, छत्री आणि ब्रॅकेट मिळून हजार. सेलमध्ये काटकसर करू नका. साधे अल्कलाइन सेल थोड्या वेळात मंदावतात आणि दोन फोटोंमध्ये वाट बघावी लागते. तेवढ्यात समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू निघून जातं.

तेवढेही पैसे आत्ता नसतील तर?

मग खिडकी. शक्य असेल तर उत्तरेची, कारण तिच्यातून वर्षातले बरेच महिने थेट ऊन येत नाही. दुसऱ्या दिशेची असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा जुनं धोतर लावा. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकी त्याच्या एका बाजूला राहील असं बसवा. दुसऱ्या बाजूला पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) धरा. खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद करा. हे विसरलं तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो, आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये धड दुरुस्त होत नाही. महिनाभर खिडकीवर हात बसवा. तिथे जे कळतं, तेच नंतर फ्लॅशनं करायचं असतं.

फ्लॅश घ्यावा की सतत चालू राहणारा एलईडी?

माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतले आठ हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

एलईडीचा फायदा उघड आहे. सावली कुठे पडते ते डोळ्यांना दिसतं आणि व्हिडिओही करता येतो. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर दुसरा पर्यायही नाही, कारण फोन या फ्लॅशशी जुळत नाहीत. पण ताकदीचा हिशोब करून बघा. ६० वॅटचा एलईडी १/१२५ सेकंदात सुमारे अर्धा जूल ऊर्जा वापरतो. ३०० वॅट-सेकंदाचा स्टुडिओ फ्लॅश पूर्ण ताकदीवर एका झटक्यात ३०० जूल सोडतो. दोन्हींची कार्यक्षमता सारखी नसली तरी फरक शेकडो पटींचा राहतो. म्हणून एलईडीवर सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चढवला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० वर न्यावा लागतो, ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र) उघडावं लागतं आणि हात हलला किंवा आजोबांनी मान डोलावली की फोटो हलतो. फ्लॅशचा उजेड क्षणभराचा असतो, त्यामुळे हालचाल आपोआप गोठते.

एलईडीच घ्यायचा ठरला तर वॅटआधी रंग बघा. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ किंवा जास्त लिहिलेलं असावं, आणि आर९ हा आकडा दिला असेल तर तोही वाचा. सीआरआयची सरासरी आठ फिकट रंगांवर काढतात, गडद लाल त्यात धरलेला नसतो. तो आर९ मध्ये कळतो. त्वचेखालची लाली, कुंकू, हिरव्या साडीचे लाल काठ, आपल्या पोर्ट्रेटमध्ये लाल रंग सगळीकडे असतो. दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. कुंकवाची डबी खिशात घेऊन जा. लाइटखाली एक फोटो आणि दुकानाबाहेर सावलीत एक फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवा. लाइटखालचं कुंकू तपकिरी किंवा नारिंगी दिसलं तर तो लाइट परत ठेवा. गोडॉक्सचा एसएल६०डब्ल्यू हा एलईडी बरा आहे. त्याचा पंखा ऐकू येतो, पण फोटोला त्याचा त्रास नाही.

फक्त फोटो करायचे असतील तर माझं मत फ्लॅशच्या बाजूनं आहे.

ट्रिगर लावला, पण फ्लॅश उडतच नाही. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच नीट बघा. तिच्या मधोमध गोल धातूची टिकली आहे का? कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या स्वस्त कॅमेऱ्यांत ही मधली टिकली काढून टाकलेली आढळते. एकाच टिकलीवर चालणारे साधे ट्रिगर तिथे चालत नाहीत. त्यावर खास कॅननसाठीचा टीटीएल ट्रिगर (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याला ठरवू देणारा) लागतो, आणि तोही ताज्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा). दुकानात स्वतःचा कॅमेरा नेऊन फ्लॅश उडवून बघा, मगच पैसे द्या. या एका टिकलीपायी अनेकांचे तीन-तीन हजार वाया गेलेले मी पाहिलेत.

कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर बंद आहे याची खात्री करा. बहुतेक कॅमेऱ्यांत ते चालू असताना फ्लॅश उडत नाही.

छत्री बरी की सॉफ्टबॉक्स?

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. उजेडाचा मऊपणा लाइटच्या किमतीवर ठरत नाही. समोरच्या माणसाला तो उजेड केवढा मोठा दिसतो, यावर ठरतो. सूर्य अवाढव्य असला तरी आपल्याला रुपयाएवढा दिसतो, म्हणून दुपारची सावली धारदार. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स तेच करतो: काडेपेटीएवढ्या फ्लॅशला परातीएवढा, दारा-खिडकीएवढा करतो.

यातूनच अंतराचं कळतं. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून तीन फुटांवर मऊ असतो, तोच दहा फुटांवर नेला की कडक होतो. नवशिके चकाकी टाळायला लाइट लांब नेतात. नेमकं उलट करायला हवं. जवळ आणा आणि ताकद कमी करा. सॉफ्टबॉक्सचा कर्ण जेवढा, साधारण तेवढंच चेहऱ्यापासूनचं अंतर ठेवून सुरुवात करा.

छत्री स्वस्त, मिनिटात उघडते, पण उजेड चहूकडे सांडते. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत तो सांडलेला उजेड परत येऊन सावल्या भरून टाकतो आणि चेहरा सपाट होतो. सॉफ्टबॉक्स उजेडाला आवर घालतो. म्हणून पहिली छत्री, आणि पाच-सहा महिन्यांनी ८० ते १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, असा माझा क्रम. तो बोवेन्स माउंटचाच घ्या. बोवेन्स ही मूळची ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद झाली, पण तिची ती गोल फिरवून बसवायची पद्धत बाजारात टिकली आहे. एस-टाइप ब्रॅकेट (स्पीडलाइट धरणारा, बोवेन्स माउंटचा) घेतला तर छोटा स्पीडलाइटसुद्धा त्याच सॉफ्टबॉक्सवर चालतो, आणि उद्या मोठा स्ट्रोब (विजेवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश) आणला तरी सॉफ्टबॉक्स बदलावा लागत नाही.

दोन सॉफ्टबॉक्स, दोन स्टँड, बल्ब, बॅग, सगळं तीन-चार हजारांत मिळतंय. घेऊ का?

नको. माझी पहिली खरेदी हीच होती. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेला संच, आत मोठे सीएफएल बल्ब. फोटोतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक आली. माझ्या मावशीनं फोटो बघून विचारलं, "मला काविळ झाली होती का गं तेव्हा?" स्टँड दुसऱ्या महिन्यात सैल झाले. ते पैसे एका बऱ्या फ्लॅशमध्ये घातले असते तर वर्ष वाचलं असतं.

रिंग लाइट?

मेकअपच्या व्हिडिओसाठी ठीक. पोर्ट्रेटसाठी नाही. समोरून सरळ येणारा उजेड नाक, गाल, हनुवटी सगळं एका पातळीत आणतो आणि बुबुळात पांढरं कडं उमटवतो.

एकाच लाइटनं खरंच भागतं?

भागतं. पहिलं वर्ष एकच लाइट वापरा, असंच मी सांगते. दोन लाइट घेतले की कुठली सावली कुणाची ते कळेनासं होतं.

लाइट माणसाच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांपेक्षा दीड-दोन फूट वर ठेवा, खाली कललेला. मग कॅमेऱ्याकडे न बघता चेहऱ्याकडे बघा. नाकाची सावली गालावर तिरकी, छोटी पडायला हवी. ती ओठांवर आली तर लाइट खाली घ्या. दोन्ही डोळ्यांत वरच्या बाजूला उजेडाचा ठिपका दिसतोय का? नसेल तर लाइट फार वर गेलाय आणि डोळे खोबणीत बुडालेत. लाइट आणखी बाजूला सरकवत नेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. त्याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. सुरकुतलेल्या, राबलेल्या चेहऱ्यांना हा उजेड फार शोभतो.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिथे पांढरा सनबोर्ड धरा. चेहरा सपाट वाटला तर त्याच जागी काळा कार्डशीट धरा. दोन्ही मिळून शंभर-दोनशे रुपयांचं काम.

सावळ्या माणसांचे फोटो काळपट येतात किंवा चेहरा तेलकट चमकतो. काय करू?

उजेड वाढवून रंग गोरा करणं हे उत्तर नव्हे. "जरा उजळ करून द्या" असं मला अनेकदा सांगतात, आणि मी नम्रपणे नाही म्हणते. माणूस जसा आहे तसा सुंदर दिसायला हवा. ते काम उजेडाचं आहे.

गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावल्यांतून कळतो, तर सावळ्या चेहऱ्याचा आकार बराचसा चमकेतून. उजेड छोटा असेल तर ती चमक कपाळावर पांढऱ्या डागासारखी बसते. मोठा सॉफ्टबॉक्स जवळ आणि थोडा बाजूनं ठेवला तर तीच चमक गालावरून, कपाळावरून मऊ पसरते. आधी टिश्यूनं तेल टिपून घ्या, आणि मागचा पडदा चेहऱ्याहून थोडा फिका किंवा गडद ठेवा, म्हणजे केस आणि कडा त्यात मिसळणार नाहीत.

पैठणीच्या जरीचं आणि नथीचंही असंच. जर म्हणजे बारीक आरसेच, समोर जो दिवा असेल तो त्यात दिसतो. उघडा फ्लॅश असेल तर पांढरे जळके ठिपके, मोठा सॉफ्टबॉक्स असेल तर सोन्यासारखी सलग झळाळी.

माझी खोली लहान आहे आणि भिंती पिस्ता रंगाच्या.

खोली लहान असणं फार अडचणीचं नाही, भिंतीचा रंग मात्र आहे. पिस्ता भिंतीवरून परतणारा उजेड गालावर हिरवा उतरतो. रंग काढायला नको, सावलीच्या बाजूला काळी चादर टांगा. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर पाच-सहा फुटांवरून खांद्यापर्यंतचा फोटो आरामात बसतो. पूर्ण उंचीचे फोटो त्या खोलीत करायचा हट्ट सोडा, त्यासाठी गच्चीवर संध्याकाळी जा.

काळा, पांढरा, राखाडी असे तीन पडदे घ्यावेत का?

एक राखाडी घ्या. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. हा नियम पडद्याच्या कामी येतो. लाइट माणसापासून तीन फुटांवर आणि पडदा लाइटपासून नऊ फुटांवर असेल, तर पडद्यावर माणसाच्या मानानं नववा हिस्सा उजेड पोचतो आणि राखाडी पडदा जवळपास काळा दिसतो. माणसाला पडद्याजवळ सरकवा आणि लाइट लांब न्या, तोच पडदा फिका दिसेल. पडदा इस्त्री करून टांगा. चुण्या फोटोत दुप्पट दिसतात.

कॅमेऱ्याचं सेटिंग?

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, शटर १/१६०, ॲपर्चर एफ ५.६. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळा यायला हवा, म्हणजे खोलीतल्या दिव्यांची ढवळाढवळ संपली. मग फ्लॅश १/८ ताकदीवर चालू करा आणि गरजेप्रमाणे कमी-जास्त करा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर नको, ५५०० केल्विनवर बांधून ठेवा. शटर १/२५० च्या पुढे नेलं तर फोटोत काळा पट्टा येतो, काही कॅमेऱ्यांत १/२०० च्या पुढेच. मिररलेसचा स्क्रीन या सेटिंगला काळा दिसत असेल तर मेनूतून एक्स्पोजर सिम्युलेशन (येणाऱ्या फोटोइतकाच उजेड स्क्रीनवर दाखवणारी सोय) बंद करा. लाइट मीटर विकत घ्यायची गरज नाही, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यात दिसणारा उजेडाचा आलेख) पुरेसा आहे.

चष्म्यात छत्री दिसते.

लाइट आणखी वर आणि बाजूला न्या. तरीही दिसली तर चष्म्याच्या काड्या कानांवर अगदी थोड्या उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात. चष्मा काढायला सांगू नका. चाळीस वर्षं चष्मा लावणारे आजोबा चष्म्याशिवाय घरच्यांना ओळखू येत नाहीत.

मोठा स्टुडिओ स्ट्रोब कधी घ्यावा?

कुटुंबाचे एकत्र फोटो सुरू झाले किंवा दिवसाला शेकडो फोटो व्हायला लागले की. ३०० वॅट-सेकंद भरपूर आहेत. त्याला अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट द्या. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो चालवू नका. महिन्यातून एकदा तरी चालू करून काही फ्लॅश उडवा, कपॅसिटर फार दिवस पडून राहिला की बिघडतो. आणि बिघडलाच तर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आत विजेचा जीवघेणा दाब साठलेला असतो.

सेकंडहँड घेतला तर?

चालेल, पण हातात घेऊन. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं एकमेकांना लागून आहेत, तिथे तुलना करता येते. एकाच ताकदीवर दहा फोटो काढा आणि बघा, सगळे सारखेच उजळ आले का. फ्लॅशची ट्यूब काळवंडली असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर नको. काकांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश कपाटात सापडला तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. त्या काळच्या काही फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या पुढे असतो, त्यानं कॅमेऱ्याचं सर्किट जाऊ शकतं.

स्टँड पडतो. उपाय?

डोक्यावरचा पंखा बंद करा, उघडी छत्री शिडासारखी वारा धरते. स्टँडच्या पायावर वजन ठेवा. जुन्या जीन्सचा पाय दोन्हीकडून शिवून आत वाळू भरली की झालं. समोर लहान मूल असेल तर हे न करता लाइट लावूच नका.

बाळाच्या डोळ्यांना फ्लॅशनं त्रास होतो का?

मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, नेहमीच्या अंतरावरून येणारा फ्लॅश बाळाला इजा करत नाही. उघडा फ्लॅश मात्र तोंडासमोर धरू नका. कुणाला फिट येत असेल तर ते आधी विचारून घ्या आणि खिडकीच्या उजेडावर काम करा.

आजी अंथरुणाला खिळून आहे, स्टुडिओत येऊ शकत नाही. तिचा फोटो कसा काढू?

म्हणूनच मी पहिली खरेदी स्पीडलाइटची सांगते. सगळं सामान एका पिशवीत मावतं आणि वीज लागत नाही. खोलीत स्टँडला जागा नसेल तर फ्लॅशचं डोकं पांढऱ्या भिंतीकडे किंवा छताकडे वळवा, ती भिंतच तुमची छत्री होते. फक्त छतावरून आलेला उजेड डोळ्यांखाली सावल्या पाडतो, त्यामुळे आजीच्या मांडीवर पांढरा टॉवेल किंवा सनबोर्ड ठेवा. केस विंचरायला, हवी ती साडी नेसायला वेळ द्या. घरातल्या कुणाला तरी कॅमेऱ्याच्या शेजारी बसवून तिच्याशी माहेरच्या गोष्टी काढायला सांगा. पहिले दहा फोटो ताठ येतील, ते येऊ द्या. निघण्यापूर्वी एक फोटो तिला स्क्रीनवर मोठा करून दाखवा, आणि आठवडाभरात आठ बाय बाराची प्रिंट तिच्याच हातात द्या.